हार्ड डिस्क ओळखली जात नाहीं तेव्हां

पुण्यांतील एका कुटुंबांत घडलेला हा प्रसंग आहे. घरांतील आजीबाईंना जात्यावरच्या दीड-दोनशें ओव्या मुखोद्गत होत्या. त्या कोणत्या पुस्तकांत छापलेल्या नव्हत्या. माहेरच्या आणि सासरच्या बायकांकडून ऐकतां ऐकतां ओठांवर बसलेल्या होत्या. २०१४ सालीं त्यांच्या मुलीनें त्या साऱ्या ओव्या आजीबाईंच्याच आवाजांत ध्वनिमुद्रित करून घरच्या संगणकांत सांठवून ठेविल्या. पुढें तीन वर्षांनीं आजीबाई निवर्तल्या. कालांतरानें तो संगणकहि बंद पडला. तेव्हां नातवानें त्यांतील तीन टेराबाइटची हार्ड डिस्क बाहेर काढली, कपाटांत पडून असलेल्या एका जुन्या यूएसबी पेटींत बसविली आणि ती पेटी नव्या संगणकाला जोडली. पडद्यावर उत्तर उमटलें तें असें: ही डिस्क कोरी आहे, तिचें आकारमान ७४६ गिगाबाइट आहे, वापरण्यापूर्वीं ती ‘इनिशियलाइझ’ केली पाहिजे. खालीं ‘ओके’चें बटण होतें, आणि मुलानें पडद्यावरचा बाण त्या बटणावर नेऊन ठेवलाहि होता.

मागें उभ्या असलेल्या आईनें विचारलें, “अरे, थांब जरा. ही डिस्क तीन हजारांची होती ना? मग हा साडेसातशेंचीच कशी दाखवतो? बाकीची गेली कुठें?”

त्या बाईंची सारी नोकरी बँकेंत खतावण्या तपासण्यांत गेली होती. आंकडा जुळल्यावांचून पान उलटावयाचें नाहीं ही त्यांची जुनी संवय, आणि त्या संवयीनेंच ओव्या वांचल्या. त्या कशा वांचल्या हें शेवटीं येईलच. परंतु तें नीट उमगण्यासाठीं संगणक डिस्क ‘ओळखतो’ म्हणजे काय करतो, हें आधीं पाहिलें पाहिजे.

हार्ड डिस्कचें अंतरंग ग्रामोफोन पाहिलेल्या माणसाला परकें वाटावयाचें नाहीं. बंद पेटींत धातूच्या अथवा कांचेच्या, आरशासारख्या गुळगुळीत तबकड्या एका आंसावर बसविलेल्या असतात. घरगुती संगणकांतील डिस्कमध्यें त्या बहुधा मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात. तबकडीवर अतिशय पातळ चुंबकीय लेप असतो, आणि त्या लेपावरील चुंबकीय खुणा हीच तिची लिपि. ग्रामोफोनची सुई तबकडीला टेंकते. येथें वाचन-लेखन करणारें ‘हेड’ तबकडीला न टेंकतां तिच्यावर तरंगत असतें. हें अंतर अवघें कांहीं नॅनोमीटरांचें, म्हणजे केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाहूनहि कमी असतें. आयबीएम कंपनीनें १९५६ सालीं अशी पहिली यंत्रणा बाजारांत आणली तेव्हां २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्यांवर मिळून सुमारें ५० लक्ष अक्षरें मावत असत. आजच्या फोननें काढलेलें एखादें छायाचित्रच तेवढी जागा अडवूं शकेल.

संगणकाची आणि डिस्कची ओळख एका झटक्यांत होत नाहीं. तिच्या पांच पायऱ्या असतात. पहिली पायरी, डिस्कला वीज मिळून तबकड्या पूर्ण वेगानें फिरूं लागणें. दुसरी, डिस्कच्या अंगभूत आज्ञावलीनें, म्हणजे फर्मवेअरनें, कामाला सज्ज होणें. या आज्ञावलीचा कांहीं भाग सर्किटवरील चिपमध्यें आणि पुष्कळसा भाग तबकडीवरच राखून ठेविलेल्या जागेंत असतो. तिसरी, केबलमधून संगणकानें ‘तूं कोण?’ असें विचारणें आणि डिस्कनें आपलें मॉडेल, अनुक्रमांक व एकूण खणांची संख्या सांगणें. चौथी, डिस्कच्या आरंभीं असलेला विभागणीचा तक्ता, म्हणजे पार्टिशन टेबल, वाचणें. पांचवी, प्रत्येक विभागांतील फायलींची सूचि, म्हणजे फाइल सिस्टिम, समजून घेऊन त्या विभागाला ‘डी’, ‘ई’ असें एखादें अक्षर देणें. यांपैकीं कोणतीहि पायरी निसटली तरी घरच्या माणसांच्या तोंडीं वाक्य एकच येतें: डिस्क ओळखली जात नाहीं.

वाचनालयाचें उदाहरण घ्यावें. दाराला कुलूप असो, ग्रंथपाल आजारी असो किंवा ग्रंथांची नोंदवही फाटलेली असो, वाचकाला पुस्तक मिळत नाहीं हा अनुभव तिन्ही वेळां सारखाच. पुस्तकें मात्र तिन्ही वेळां फडताळांत जागच्या जागीं असतात. नोंदवही फाटली म्हणून कोणी ‘वाचनालयांत एकहि पुस्तक नाहीं’ अशी नवी कोरी वही घालीत नाहीं, आणि त्या वहीवर विसंबून जुन्या पुस्तकांच्या जागीं नवीं पुस्तकें कोंबूं लागत नाहीं. ‘फॉरमॅट’चें बटण मात्र नेमकें तेंच करावयास सांगत असतें. म्हणून या विषयांतील पहिला नियम असा कीं, ओळख कोणत्या पायरीवर अडली हें कळेपर्यंत डिस्कवर एक अक्षरहि लिहूं नये. हा नियम पाळून आतां एकेक पायरी तपासावयाची.

पहिल्या पायरीची परीक्षा कानानें आणि हातानें होते. डिस्क जोडल्यावर तबकड्या फिरूं लागल्याचा बारीक घुमणारा आवाज येतो, आणि पेटीवर बोटें ठेविलीं तर किंचित् कंप जाणवतो. दोन्ही नसतील तर संशय प्रथम विजेवर घ्यावा. मोठ्या, म्हणजे साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट आणि ५ व्होल्ट असे दोन पुरवठे लागतात; म्हणून तिच्या पेटीला स्वतंत्र अडॅप्टर असतो. तो जुना झाला कीं दिवा लागतो, परंतु मोटर फिरविण्याइतका जोर त्याच्यांत उरत नाहीं. लहान, अडीच इंची डिस्क यूएसबीमधून येणाऱ्या ५ व्होल्टांवरच चालते. यूएसबी २.० च्या नियमाप्रमाणें एका खांचेंतून ५०० मिलिअँपिअर आणि यूएसबी ३.० च्या नियमाप्रमाणें ९०० मिलिअँपिअर प्रवाह मिळतो; कांहीं डिस्कना तर सुरू होण्याच्या क्षणीं याहूनहि थोडा अधिक लागतो. केबल लांब आणि बारीक असली, किंवा मध्यें चार खांचांचा हब असला, तर तेवढा प्रवाह पोंचत नाहीं. मग डिस्क फिरूं पाहते, थांबते, पुन्हां फिरूं पाहते; टक् टक् असा आवाज येतो, आणि ‘डिस्क गेली’ असा निकाल घरांत होऊन जातो. अशा वेळीं आखूड आणि चांगली केबल घेऊन डिस्क संगणकाच्या मागील बाजूच्या खांचेला थेट जोडून पाहावी. पुष्कळदां उपाय एवढ्यावरच भागतो.

विजेच्याच बाबतींत एक चमत्कारिक अडचण अलीकडच्या कांहीं मोठ्या डिस्कमध्यें आढळते. साटा जोडणीच्या २०१६ च्या नियमावलींत विजेच्या खांचेंतील तिसऱ्या पिनेला नवें काम देण्यांत आलें: त्या पिनेवर वीज आली तर डिस्कनें बंद राहावें. जुने वीजपुरवठे मात्र त्याच पिनेला पूर्वींच्या रीतीप्रमाणें ३.३ व्होल्ट देत राहतात. परिणामीं नवी कोरी, निर्दोष डिस्क जुन्या संगणकांत बसविली कीं ती हालतच नाहीं. अशी डिस्क ३.३ व्होल्टांची तार नसलेल्या चांगल्या प्रतीच्या अडॅप्टरमधून जोडली, किंवा दुसऱ्या संगणकांत लावून पाहिली, म्हणजे ती ताबडतोब फिरूं लागते.

दुसरी आणि तिसरी पायरी एकत्रच तपासतां येते. संगणक सुरू होत असतांना बायोसच्या, आणि नव्या यंत्रांत यूईएफआयच्या, पडद्यावर जोडलेल्या डिस्कची यादी दिसते. विंडोज किंवा दुसरी कोणतीहि कार्यप्रणाली सुरू होण्यापूर्वींची ही यादी असल्यामुळें तिची साक्ष महत्त्वाची असते. तेथें डिस्कचें मॉडेल आणि आकारमान बरोबर दिसत असेल, तर पहिल्या तीन पायऱ्या सुखरूप आहेत असें समजावें आणि दोष पुढच्या दोन पायऱ्यांत शोधावा. यादींत डिस्क मुळींच नसेल, तर संगणक बंद करून साटा केबल बदलावी, मदरबोर्डावरील दुसरी खांच वापरावी, आणि मगच डिस्कला दोष द्यावा.

केबलच्या दोषाचा पुरावा खुद्द डिस्कच देते. ‘स्मार्ट’ नांवाच्या सोयीमुळें प्रत्येक डिस्क आपल्या प्रकृतीची नोंदवही ठेवीत असते, आणि क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत आज्ञावलीनें ती वाचतां येते. त्या नोंदवहींत तीन आंकडे विशेष पाहावे. क्रमांक ५ हा निकामी ठरवून बदललेल्या खणांचा; क्रमांक १९७ हा वाचतां न आलेल्या, निकालाची वाट पाहणाऱ्या खणांचा; आणि क्रमांक १९९ हा केबलमधून जातां-येतां बिघडलेल्या निरोपांचा. पहिले दोन वाढत असतील तर तबकडी किंवा हेड झिजत आहे असें समजून सामान हलविण्यास लागावें. फक्त तिसराच वाढत असेल तर तबकड्यांवर संशय घेण्यापूर्वीं केबल बदलून पाहावी. बहुधा दोष तेथेंच असतो. हे आंकडे सोळांच्या पटींत लिहिलेले असले तर १९७ च्या जागीं ‘सी५’ आणि १९९ च्या जागीं ‘सी७’ असें दिसतें. त्यानें गोंधळून जाऊं नये.

फर्मवेअर बिघडलें तर काय होतें याचें उदाहरण २००८ च्या अखेरीस आणि २००९ च्या आरंभीं जगभर गाजलें. सीगेट कंपनीच्या बॅराकुडा ७२००.११ या मालिकेंतील कांहीं डिस्क, काल रात्रीं व्यवस्थित चालत असलेल्या, सकाळीं संगणक सुरू करतांच बायोसच्या यादींतून नाहींशा होऊं लागल्या. कांहीं दिसत, पण आपलें आकारमान शून्य सांगत. तबकड्या फिरत होत्या, हेड शाबूत होतें, आणि लिहिलेलें सर्व जागच्या जागीं होतें. दोष एवढाच कीं, डिस्क स्वतःपुरती जी अंतर्गत नोंदवही ठेवी ती एका विशिष्ट जागीं पोंचलेली असतांना वीज बंद होऊन पुन्हां आली, कीं फर्मवेअर अडखळे आणि डिस्क स्वतःला कुलूप लावून बसे. कंपनीनें जानेवारी २००९ मध्यें दोष मान्य करून सुधारलेलें फर्मवेअर दिलें, आणि त्या पहिल्या सुधारणेंतच कांहीं डिस्कपुरती चूक निघाल्यानें तें मागें घेऊन पुन्हां द्यावें लागलें. आकारमान शून्य दिसणें म्हणजे आंत कांहीं नाहीं असें नव्हे, हें त्या प्रकरणावरून पुष्कळांना पटलें. घाईनें डिस्क टाकून देणाऱ्यांनीं आपली शाबूत संपत्तीच टाकून दिली.

आकारमान चुकीचें दिसण्याचे प्रकार निरनिराळे आहेत, आणि त्यांतील एक तर दोषच नव्हे. डिस्क बनविणारे हजाराच्या पटींत मोजतात, आणि विंडोज १,०२४ च्या पटींत मोजतें. त्यामुळें एक टेराबाइटची डिस्क ९३१ गिगाबाइट दिसते आणि तीन टेराबाइटची २,७९४ दिसते. जागा चोरीला गेलेली नसते. शेर आणि किलो यांतल्यासारखा हा मापांतला फरक आहे.

दुसरा प्रकार खराखुरा असतो. डिस्कवरील जागा लहान लहान खणांत विभागलेली असते. जुन्या रीतीप्रमाणें एका खणांत ५१२ बाइट मावतात, आणि प्रत्येक खणाला क्रमांक असतो. तो क्रमांक लिहिण्यास संगणकानें किती घरें राखून ठेविलीं आहेत, यावर त्याला किती मोठी डिस्क दिसेल हें ठरतें. पूर्वीं हा क्रमांक २८ द्विमान घरांत लिहीत, म्हणून सुमारें १३७ अब्ज बाइटांपलीकडे जुन्या यंत्रांची नजर पोंचत नसे. २००१ सालीं आलेल्या विंडोज एक्सपीच्या पहिल्या आवृत्तीलाहि मोठी डिस्क या कारणानें अपुरी दिसे. पुढें ३२ घरांची मर्यादा आली. ३२ द्विमान घरांत ४,२९,४९,६७,२९६ खण मोजतां येतात, म्हणजे विंडोजच्या मापानें बरोबर २,०४८ गिगाबाइट. एमबीआर या जुन्या पद्धतीच्या पार्टिशन टेबलाची मर्यादा हीच आहे, आणि जीपीटी ही नवी पद्धति ती ओलांडण्यास समर्थ आहे.

परंतु पार्टिशन टेबल नवें असून भागत नाहीं. मधला दुभाष्याहि तेवढाच जाणता असावा लागतो. यूएसबी पेटींत एक छोटें सर्किट असतें. तें संगणकाची भाषा डिस्कला आणि डिस्कची भाषा संगणकाला सांगतें. २०१० पूर्वींच्या पुष्कळ पेट्यांतील असें सर्किट ३२ घरांपलीकडे मोजूं शकत नसे. चार आंकडी मीटर ९,९९९ नंतर पुन्हां ० वर येतें, तसें तें २,०४८ गिगाबाइटनंतर पुन्हां शून्यापासून मोजूं लागे. अशा वेळीं डिस्क खरें सांगत असते, संगणकहि ऐकलेलें तेंच दाखवीत असतो. खोटें पडतें तें मधल्या मधें.

आतां चौथी आणि पांचवी पायरी. विंडोजमध्यें ‘डिस्क मॅनेजमेंट’ या नांवाचा एक पडदा असतो; ‘विंडोज’ आणि ‘एक्स’ या कळा एकत्र दाबल्यावर उघडणाऱ्या यादींतून तेथें जातां येतें. डिस्क नेहमींच्या यादींत नसली तरी येथें बहुधा असते. तेथें आकारमान आणि फाइल सिस्टिमचें नांव बरोबर असून अक्षर तेवढें नसेल, तर अक्षर द्यावें; हें काम निर्धोक आहे. ‘ऑफलाइन’ लिहिलेलें असेल, तर ‘ऑनलाइन’ करावें. परंतु ‘रॉ’, ‘अनअलोकेटेड’ किंवा ‘नॉट इनिशियलाइझ्ड’ हे शब्द दिसले, तर हात आवरावा. ‘रॉ’चा अर्थ एवढाच कीं, विभाग सांपडला पण त्याची सूचि वाचतां आली नाहीं. ‘अनअलोकेटेड’चा अर्थ, त्या जागेला विभागणीच्या तक्त्यांत नोंद सांपडली नाहीं. ‘नॉट इनिशियलाइझ्ड’चा अर्थ, तक्ताच सांपडला नाहीं. यांपैकीं एकहि शब्द फायली नष्ट झाल्या असें म्हणत नाहीं.

कित्येक वेळां सूचि शाबूत असून ती परक्या लिपींत असते. मॅक संगणकाची एपीएफएस किंवा लिनक्सची ईएक्सटी४ ही पद्धति विंडोजला आपल्या आपण वाचतां येत नाहीं. अशी डिस्क जोडली कीं विंडोज ती फॉरमॅट करावयास सुचवितें. मोडी न येणाऱ्या माणसानें मोडींतला दस्तऐवज पाहून ‘हा कागद खराब आहे, धुऊन टाका’ म्हणावें, तसाच हा सल्ला. त्याचप्रमाणें कांहीं कंपन्यांच्या बाहेरच्या डिस्कमध्यें पेटींतील सर्किटच मजकूर कूटबद्ध करून लिहितें. तशी डिस्क मूळ पेटींतून काढून दुसरीकडे लावली तर आंत नुसता अर्थहीन अक्षरांचा ढीग दिसतो. म्हणून जुनी पेटी, तिचें सर्किट आणि पासवर्ड कधींहि टाकून देऊं नये.

फॉरमॅटचें बटण चुकून दाबलें गेलेंच, तरी हार्ड डिस्कच्या बाबतींत ‘क्विक फॉरमॅट’नें बहुधा सूचीच नवी होते, आणि जुना मजकूर त्यावर दुसरें कांहीं लिहीपर्यंत राहतो. परंतु विंडोज व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, पूर्ण फॉरमॅट केल्यास सगळ्या जागेवर शून्यें लिहिलीं जातात; त्यानंतर परत मिळण्यासारखें कांहीं उरत नाहीं. एसएसडी या तबकडी नसलेल्या नव्या प्रकारांत तर क्विक फॉरमॅटहि घातक ठरूं शकतो. कारण रिकाम्या झालेल्या जागेची वर्दी मिळतांच ती आपल्या आपण जुना मजकूर पुसून टाकूं लागते.

दोष तबकडींतच आहे असें स्मार्टच्या आंकड्यांवरून दिसलें, परंतु डिस्क अजून दिसते आहे, अशा वेळीं ‘चेकडिस्क’सारखी दुरुस्तीची आज्ञा देण्याचा मोह होतो. ती आज्ञा सूचि सुसंगत करण्यासाठीं आहे. मरणोन्मुख डिस्कवर ती चालविली तर डिस्क दमते आणि सूचींतील नोंदीहि बदलतात. योग्य क्रम याच्या उलट आहे. प्रथम तेवढीच किंवा अधिक मोठी दुसरी डिस्क आणावी, आणि जीएनयू डीडीरेस्क्यू यासारख्या मोफत आज्ञावलीनें जुनीची खणागणिक प्रत उतरून घ्यावी. ही आज्ञावली सुवाच्य भाग आधीं उचलते, अडखळणारे भाग शेवटासाठीं ठेविते, आणि कोठपर्यंत काम झालें याचा नकाशा लिहून ठेविते. त्यामुळें मध्येंच वीज गेली तरी पुन्हां पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाहीं. मात्र कोणती डिस्क जुनी आणि कोणती नवी हें आज्ञा देण्यापूर्वीं दोनदां ताडून पाहावें. अदलाबदल झाली तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते. त्यानंतरचे सारे प्रयोग प्रतीवर करावे. हरवलेलें विभाजन शोधण्यास टेस्टडिस्क आणि सुट्या फायली वेंचण्यास फोटोरेक या आज्ञावल्या उपयोगी पडतात, आणि त्याहि मोफत मिळतात. सांपडलेल्या फायली तिसऱ्याच जागीं उतरवाव्या. ज्या डिस्कमधून शोधावयाचें तिच्यावर कधींहि नाहीं.

आणि शेवटचा प्रकार. वीज पुरेशी आहे, केबल बदलून झाली आहे, आणि तरीहि डिस्क एका ठराविक तालांत टक् टक् करते किंवा खरडल्यासारखा आवाज काढते. हेड निकामी झाल्याचें हें लक्षण असूं शकतें. येथें घरगुती उपाय संपले. डिस्क तत्काळ बंद करावी आणि ‘आणखी एकदां पाहूं’ म्हणून पुन्हां सुरू करूं नये. प्रत्येक वेळीं हेड लेपावर ओरखडे काढीत असतें, आणि ओरखडलेल्या लेपावरील मजकूर कोणालाहि परत आणतां येत नाहीं. डिस्क शीतकपाटांत ठेवावी, तिला हलकेच ठोकावें, झांकण उघडून आंत पाहावें, असे सल्ले ऐकूं येतात. ते ऐकूं नयेत. शीतकपाटांतून काढलेल्या डिस्कवर दंव धरतें. आणि जेथें हेडखालचें अंतर नॅनोमीटरांत मोजावयाचें तेथें घरच्या हवेंतील धुळीचा कण म्हणजे रस्त्यांत पडलेली दरडच. असें काम धूळरहित खोली असलेल्या तज्ज्ञांकडेच द्यावें. त्याला खर्च बराच येतो, म्हणून आंत काय होतें आणि त्याची दुसरी प्रत कोठें आहे काय, याचा विचार आधीं करावा.

आतां पुण्याच्या त्या घरीं परत जावयाचें. आईच्या प्रश्नानंतर मुलानें ‘ओके’वरून बाण काढून ‘कॅन्सल’ दाबलें आणि कागद घेतला. तीन टेराबाइटची डिस्क विंडोजच्या मापानें २,७९४ गिगाबाइट; जुन्या पेटीला मोजतां येणारे २,०४८; वजाबाकी ७४६. पडद्यावर हाच आंकडा होता. डिस्क कोरी असती तरी तिनें आपलें आकारमान पुरतें सांगितलें असतें. आकारमानच तुटलेलें आहे याचा अर्थ दुभाष्या कच्चा आहे. ती पेटी इतक्या मोठ्या डिस्क बाजारांत येण्यापूर्वीं घेतलेली होती. मुलानें डिस्क पेटींतून काढली आणि शेजाऱ्यांच्या संगणकांत साटा केबलनें थेट बसविली. या वेळीं आकारमान २,७९४ आलें, विभाग दिसला, आणि ‘आजी’ या नांवाच्या फोल्डरमध्यें सगळ्या ओव्या जशाच्या तशा होत्या. एकीच्या आरंभीं जात्याची घरघर आणि आजीबाईंचें खाकरणेंहि ऐकूं आलें. ‘ओके’ दाबलें गेलें असतें तर त्याच दुभाष्याकरवीं डिस्कच्या आरंभींच नवा कोरा तक्ता लिहिला गेला असता, आणि पुढें कोणी त्या कोऱ्या जागेवर लग्नाचीं छायाचित्रें भरलीं असतीं म्हणजे ओव्या कायमच्या गेल्या असत्या.

त्या दिवशीं संध्याकाळीं घरांत आणखी एक हिशेब झाला. तीन वर्षें खपून मिळविलेल्या दोनशें ओव्या, आणि त्यांची प्रत अवघी एक! बँकेंत हाताखालच्या माणसानें असें केलें असतें तर त्याला आपण काय म्हटलें असतें, असें आई स्वतःशींच म्हणाल्या. जाणते लोक सांगतात कीं, मोलाच्या वस्तूच्या तीन प्रती असाव्या, त्या दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्या, आणि एक प्रत घराबाहेर असावी. त्या घरीं आतां एक प्रत संगणकांत आहे, दुसरी बाहेरच्या डिस्कवर आहे, आणि तिसरी पेनड्राइव्हवर नाशिकच्या मामांकडे आहे. दर दिवाळीला तिन्ही प्रती उघडून ऐकून पाहावयाच्या असें ठरलें आहे; कारण न उघडलेली प्रत म्हणजे न मोजलेली शिल्लक. याखेरीज आईंनीं एक जाड वही आणली आहे. रोज दुपारीं त्या दोन-तीन ओव्या ऐकतात आणि शाईनें उतरून घेतात. आवाज कागदावर उतरत नाहीं हें खरें. परंतु शब्द उतरतात, आणि ते वाचण्यासाठीं मध्यें दुभाष्या लागत नाहीं.